नासू दे दूध: मोरोक्कोतला २०१८चा बहिष्कार, नेम आणि घाव

२० एप्रिल २०१८च्या सुमारास मोरोक्कोत फेसबुकवर एक आवाहन फिरू लागलं. आशय साधारण असा: महागाईने जीव मेटाकुटीला आला आहे, सगळ्याच वस्तू सोडणं कुणाला जमणार नाही, तेव्हा तीनच नावं धरा. अफ्रिकियाच्या पंपावर गाडी नेऊ नका, सिदी अलीचं बाटलीबंद पाणी घेऊ नका, सेंट्राल डॅनोनचं दूध घेऊ नका. खाली ना कुणाची सही, ना पक्षाचं नाव, ना संघटनेचा शिक्का. दुधासाठी घोषणा निघाली ‘खल्लीह यरीब’, म्हणजे नासू दे ते. ती चांगलीच तोंडात बसली. त्याच सुमारास शेजारच्या अल्जीरियात आणि पुढे इजिप्तमध्येही महागड्या गाड्यांविरुद्ध ‘गंजू दे तिला’ अशी तिची भावंडं ऐकू आली.

चार-पाच महिन्यांत त्या देशात बरंच काही घडलं. दोन मंत्र्यांची जीभ आणि पाय घसरले, फ्रेंच कंपनीचा जागतिक प्रमुख पॅरिसहून कासाब्लांकाला धावत आला, दुधाचा भाव उतरला. त्यामुळे ग्राहकांनी कंपन्यांना नमवल्याचं उदाहरण म्हणून या प्रकरणाचं नाव हमखास घेतलं जातं. मला ते कौतुक अर्धंच पटतं. तिघांवर बहिष्कार एकाच दिवशी पडला, पण मार तिघांना सारखा बसला नाही. आणि लोकांचा खरा राग ज्याच्यावर होता, त्याच्या अंगावर सगळ्यांत कमी ओरखडे उठले. असं का झालं, हे तपासण्यासाठी हे प्रकरण उघडायचं.

हीच तीन नावं का

अफ्रिकिया ही मोरोक्कोतली सर्वांत मोठी इंधनविक्री कंपनी. तिचे मालक अझीझ अखनूश, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. पण ते नुसते उद्योगपती नव्हते. २००७पासून ते कृषिमंत्री होते आणि ऑक्टोबर २०१६पासून आरएनआय या पक्षाचे अध्यक्ष. २०१६च्या निवडणुकीत पीजेडी हा इस्लामी पक्ष पहिला आला होता, तरी त्याचे नेते अब्देलिलाह बेनकिरान यांना पाच महिने सरकार बनवता आलं नाही. ती कोंडी करण्यात अखनूश पुढे होते. शेवटी राजाने बेनकिरान यांना बाजूला करून त्यांच्याच पक्षाच्या सादेद्दीन ओथमानी यांना पंतप्रधान केलं. अखनूश यांना पुढच्या निवडणुकीसाठी तयार केलं जातंय, हे चहाच्या टपरीवरसुद्धा बोललं जात होतं.

सिदी अली हे पाणी विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुख मिरियम बेनसालाह-शकरून. त्या वेळी त्या मोरोक्कोच्या उद्योजक महासंघाच्या अध्यक्षही होत्या. म्हणजे एक मंत्री, एक उद्योजकांची पुढारी.

आणि तिसरी परदेशी. सेंट्राल लेतिएर ही १९४०ची जुनी दूध कंपनी बरीच वर्षं राजघराण्याच्या उद्योगसमूहाकडे होती. २०१२मध्ये त्या समूहाने आपला मोठा हिस्सा फ्रान्सच्या डॅनोनला विकायचं ठरवलं आणि पुढे कंपनीचं नाव सेंट्राल डॅनोन झालं. पॅकेटच्या दुधाचा निम्म्याहून अधिक बाजार एकट्या तिच्याकडे. मोरोक्कोत कुठल्याही कंपनीच्या दह्याला सरसकट ‘डॅनोन’ म्हणतात, आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत तसं. हिचा राजकारणाशी थेट संबंध नव्हता. पण भाव, मक्तेदारी आणि फ्रान्स या तिन्ही गोष्टी एका पाकिटात आल्या होत्या.

पेट्रोलची चीड मात्र वेगळी आणि जुनी. मोरोक्कोने १ डिसेंबर २०१५पासून इंधनाचे दर मोकळे केले. सरकारी अनुदानाचं ओझं त्याआधीच उतरवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोहम्मदिया इथला देशातला एकुलता एक तेलशुद्धीकरण कारखाना, सामीर, बंद पडला आणि देश पूर्णपणे आयात इंधनावर आला. तेव्हा कच्चं तेल स्वस्त होतं म्हणून कुणी ओरडलं नाही. तेल चढलं तसे पंपावरचे आकडे चढले आणि लोक विचारू लागले की उतरताना हे इतक्याच वेगाने का उतरले नव्हते. मे २०१८मध्ये संसदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला. समितीचे प्रमुख, पीजेडीचे खासदार, यांनी हिशेब मांडला की दर मोकळे झाल्यापासून दोन वर्षांत कंपन्यांनी सुमारे १,७०० कोटी दिरहम जादा कमावले. कंपन्यांनी तो हिशेब साफ नाकारला. लोकांनी आकडा लक्षात ठेवला.

त्याच महिन्यात मुंबईतही पेट्रोल ८५ रुपयांच्या घरात होतं. पण आपल्याकडे बहुतेक पंप सरकारी कंपन्यांचे, दर जवळपास एकच, त्यामुळे शिव्या थेट दिल्लीला. मोरोक्कोत पंपाचा मालक आणि मंत्रिमंडळातला मंत्री एकच होता. बहिष्काराला चेहरा लागतो, तो तिथे आयता मिळाला.

रस्त्यावर का नाही उतरले

उतरले होते. ऑक्टोबर २०१६मध्ये उत्तरेकडच्या अल होसेमा शहरात जप्त केलेली मासळी वाचवायला कचऱ्याच्या गाडीत चढलेला मोहसिन फिक्री हा मासेविक्रेता त्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेला. त्यातून रीफ भागात महिनोन्‌महिने मोर्चे निघाले. सरकारने शेकडो लोकांना अटक केली. जून २०१८च्या शेवटी, म्हणजे बहिष्कार ऐन भरात असताना, या आंदोलनाचे नेते नासेर झेफझाफी यांना २० वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात जेरादा या खाणगावातही दोन भावांच्या मृत्यूनंतर तेच चक्र फिरलं होतं: मृत्यू, मोर्चे, धरपकड.

या पार्श्वभूमीवर दूध न घेण्याची कल्पना किती चलाख होती ते कळतं. मोर्च्यावर लाठी चालवता येते, पुढाऱ्याला तुरुंगात टाकता येतं, पण वाण्याच्या दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीचं पाकीट उचलणाऱ्या बाईला कुठलं कलम लावणार? सरकारच्या प्रवक्त्याने मे महिन्यात खोटी माहिती पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाईचा इशारा दिला खरा, पण तो फुसका ठरला. पकडायला कुणी नव्हतंच.

याची दुसरी बाजू अशी की वाटाघाट करायलाही कुणी नव्हतं. हा मुद्दा पुढे येईल.

सरकार बोलत गेलं आणि आग भडकत गेली

सुरुवातीला कंपन्यांनी हा प्रकार चार दिवसांचा धरला. त्या धीर धरून गप्प राहिल्या असत्या तर कदाचित तसं झालंही असतं. पण पहिल्याच आठवड्यात अर्थमंत्री मोहम्मद बूसईद यांनी संसदेत बहिष्कार घालणाऱ्यांना ‘मदावीख’ म्हटलं, म्हणजे भंजाळलेले. सेंट्राल डॅनोनच्या एका अधिकाऱ्याने देशद्रोह हा शब्द वापरला. कंपनीने नंतर माफी मागितली, पण माफी मागेपर्यंत तो व्हिडिओ घराघरांत पोचला होता. लोकांनी ‘आम्ही मदावीख’ असं अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. भावाचं भांडण तिथे मानापमानाचं झालं. महागाईवर सवलतीचा उतारा असतो. अपमानावर नसतो. रमजानात कंपनीने दुधावर सवलत दिली तेव्हा तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही, हे याचमुळे.

कळस गाठला लहसन दाऊदी यांनी. सामान्य कारभार खात्याचे हे मंत्री ५ जूनच्या रात्री संसदेसमोर डॅनोनच्या कामगारांच्या निदर्शनांत सामील होऊन घोषणा देताना कॅमेऱ्यात सापडले. किमतींवर लक्ष ठेवणं हे ज्याचं काम, तो मंत्री कंपनीच्या बाजूने रस्त्यावर! त्यांच्याच पक्षाने कान उपटले, त्यांनी पदमुक्तीची विनंती केली, आणि तरी पुढे वर्षभराहून अधिक काळ ते मंत्री राहिले. बूसईद यांना मात्र १ ऑगस्टला राजाने काढून टाकलं. कारण म्हणून उत्तरदायित्वाचं तत्त्व सांगितलं गेलं, बहिष्काराचा उल्लेख नव्हता. लोकांनी जोडायचं ते जोडलं.

दुधाला का लागलं

आता मूळ प्रश्नाकडे. एक दृश्य डोळ्यांसमोर आणा: मोरोक्कोतल्या कुठल्याही गल्लीतलं ‘हानूत’, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. उधारीची वही, साखर, तेल, पाव आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये सेंट्रालच्या दुधाच्या शेजारीच जाऊदाचं दूध. जाऊदा हा दक्षिणेतल्या तारूदांत इथल्या कोपाग या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा ब्रँड. निवड करायला हात वीतभर बाजूला न्यायचा, बस. कष्ट शून्य, खर्च जवळपास शून्य, आणि मागे रांगेत उभ्या शेजाऱ्यांना दिसतं की कुणी काय उचललं. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. ज्याला बहिष्काराशी देणंघेणं नव्हतं तोही लोकलाजेस्तव जाऊदा उचलू लागला. दुकानदारानेही बघितलं की माल पडून राहतोय, त्याने मागवणंच बंद केलं. मग ज्याला सेंट्रालच हवं त्यालाही ते मिळेना.

ताजं दूध दोन-चार दिवसांत खराब होतं. न खपलेला माल परत येतो तो फेकायलाच. घोषणेत म्हटलं होतं तसं ते खरोखर नासत होतं. त्यात रमजान १७ मेला सुरू झाला. खजूर आणि दुधाने उपवास सोडायचा हा तिकडचा रिवाज, दुधाच्या धंद्याचा सुगीचा काळ. बहिष्कार त्याच तोंडावर आला.

कंपनीने जूनच्या सुरुवातीला जाहीर केलं की पहिल्या सहामाहीत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घटेल आणि १५ कोटी दिरहम तोटा होईल. आदल्या वर्षी याच काळात ५.६ कोटी नफा होता. एप्रिल ते जून या तिमाहीत डॅनोनची मोरोक्कोतली विक्री जवळपास ४० टक्क्यांनी कोसळली.

आता पंपाचं बघा. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल नासत नाही. ट्रकवाले, बसवाले, कंपन्यांच्या गाड्या यांचे करार ठरलेले असतात. पलीकडच्या पंपावर भाव तोच, किंवा चार-सहा पैसे इकडे-तिकडे. गाडीचा काटा लाल रेषेवर आला की माणूस जवळचा पंप शोधतो, तत्त्व शोधत नाही. शहरांतले अफ्रिकियाचे पंप सुरुवातीला ओस पडलेले दिसत, त्याचे फोटो फिरले. पण नुकसान नेमकं किती झालं याचा आकडा बाहेर आलाच नाही, कारण इंधन विकणारी अफ्रिकिया शेअर बाजारात नोंदलेली नव्हती. ज्याची वही चव्हाट्यावर, त्याचीच जखम दिसली. बहिष्कार ‘यशस्वी’ झाला की नाही हे आपण ज्या आकड्यांवरून ठरवतो, ते आकडे मुळातच एका बाजूला झुकलेले असतात. या प्रकरणातला हा धडा अभ्यासकांच्या लेखांत मला क्वचितच दिसला.

सिदी अलीची कथा थोडक्यात. कंपनीने बाजू मांडली की बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठा आहे. गंमत म्हणजे सिदी अली सोडून अनेकांनी जे स्वस्तातलं पाणी उचललं, त्यांतला आइन अॅटलास हा ब्रँडही त्याच कंपनीचा.

गोठ्यात काय पोचलं

सेंट्राल डॅनोन सुमारे १ लाख २० हजार शेतकऱ्यांकडून दूध घेत असे. त्यातले बहुसंख्य हातावर मोजण्याइतक्या गायींचे मालक. विक्री घटताच कंपनीने दूध संकलन ३० टक्क्यांनी कमी केलं आणि शेकडो कंत्राटी कामगारांना घरी बसवलं.

हा मार शेतकऱ्यापर्यंत पोचणार नाही, असं मानणारे म्हणाले की जाऊदाला वाढीव दूध लागेलच, ते याच शेतकऱ्यांकडून जाईल. कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात दूध संकलन केंद्र, शीतटाकी आणि टँकरचा मार्ग ठरलेला असतो. ज्या गावात सेंट्रालचंच केंद्र आहे तिथला शेतकरी सकाळचं दूध घेऊन दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या संस्थेच्या दारात उभा राहू शकत नाही. गायीला बहिष्कार समजत नाही, ती दोन वेळा दूध देतेच.

त्याच उन्हाळ्यात, १६ जुलै २०१८ला, महाराष्ट्रात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने शहरांचं दूध रोखलं होतं. तिथे दूध सोडायचं नाही हे दूध काढणाऱ्यानेच ठरवलं, मागणीही त्याचीच होती, आणि बोलणी करायला राजू शेट्टी समोर होते. चार दिवसांत लिटरला २५ रुपयांचा तोडगा निघाला आणि आंदोलन थांबलं. मोरोक्कोत शेतकऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. भांडण ग्राहक आणि कंपनीचं, आणि मधल्यामध्ये गोठा रिकामा. अखनूश हे कृषिमंत्रीच असल्यामुळे त्यांनी शेतकऱ्यांच्या पोटाचा मुद्दा लगेच पुढे केला. मुद्दा खरा होता, पण तो नेमका त्यांच्या तोंडून आल्यामुळे कुणी ऐकला नाही.

फाबेर कासाब्लांकात

जूनच्या शेवटच्या आठवड्यात डॅनोनचे जागतिक प्रमुख इमॅन्युएल फाबेर मोरोक्कोत आले. दुकानदारांना, ग्राहकांना भेटले. बोलायला एक नेता नव्हता म्हणून त्यांनी सगळ्यांशीच बोलायचं ठरवलं, आणि हे त्यांचं या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल. त्यांनी जाहीर केलं की कंपनीचं नेहमीचं ताजं पाश्चराइज्ड दूध यापुढे नफा न घेता विकलं जाईल आणि भाव कसा ठरतो ते उघड सांगितलं जाईल. सल्लामसलतीची मोठी मोहीम झाली. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा आले आणि अर्धा लिटरचं म्हणून ओळखलं जाणारं पाकीट ३.५० दिरहमवरून ३.२० वर आलं.

हा विजय किती मोठा ते घरखर्चात मोजू. तेव्हा मोरोक्कोतलं किमान मासिक वेतन २,५७० दिरहमच्या आसपास होतं. एक दिरहम म्हणजे तेव्हा साधारण सात रुपये. रोज दोन पाकिटं घेणाऱ्या घराचा दुधाचा महिन्याचा खर्च २१० दिरहम, म्हणजे किमान वेतनाच्या आठ टक्के. नव्या भावाने तो १९२ झाला. महिन्याला १८ दिरहमची बचत, सव्वाशे रुपये. दही, चीज, चव घातलेलं दूध यांना नफा न घेण्याचा नियम लागू नव्हताच. कंपनीने मात्र त्या वर्षी ५० कोटी दिरहमच्या पुढे तोटा सोसला. म्हणजे ग्राहकाच्या हाती पडलं त्यापेक्षा कंपनीचं गेलं ते कितीतरी मोठं. त्यामुळेच पुढे कुठलीही कंपनी तिथे भाव वाढवण्याआधी दहादा विचार करेल, असं तेव्हा म्हटलं गेलं. दुधापुरतं ते खरं असेल.

आणि पेट्रोल?

सप्टेंबरनंतर बहिष्कार ओसरत गेला. दुधाचं मिटलं, आणि दुधाबरोबर बाकी दोघांचंही आपोआप मिटल्यासारखं झालं. नेता नसल्याची किंमत इथे मोजावी लागली. ‘एकावर समाधान, दोन बाकी’ असं सांगणारं कुणी नव्हतं.

इंधनाचा प्रश्न मग सरकारी टेबलांवर रेंगाळला. पाच वर्षं निपचित पडलेल्या स्पर्धा परिषदेला, म्हणजे मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, नोव्हेंबर २०१८मध्ये नवे अध्यक्ष मिळाले, द्रिस गेरावी. जुलै २०२०मध्ये परिषदेने अफ्रिकियासह तीन मोठ्या इंधन कंपन्यांना उलाढालीच्या काही टक्के दंड करायचं ठरवलं, पण सदस्यांतच फूट पडली, तक्रार राजवाड्यावर गेली, चौकशी समिती नेमली गेली आणि दंड अडकला. मार्च २०२१मध्ये गेरावी यांच्या जागी दुसरे अध्यक्ष आले.

८ सप्टेंबर २०२१ला निवडणूक झाली. बहिष्कारामागे छुपा हात असल्याचा संशय ज्या पीजेडीवर घेतला जायचा, तो पक्ष १२५ जागांवरून १३ वर आपटला. आरएनआयला १०२ जागा मिळाल्या आणि अझीझ अखनूश पंतप्रधान झाले. कृषिमंत्री असताना ज्याच्या पंपावर जायचं नाही असं लोकांनी ठरवलं होतं, त्याच्या हाती सरकार आलं. २०१८चा राग खोटा नव्हता. पण फ्रिजसमोरचा राग आणि मतपेटीतला राग यांत मध्ये अख्खा राजकीय पक्ष, पैसा आणि स्थानिक पुढाऱ्यांची फळी उभी असते, आणि बहिष्काराने तशी फळी उभारलीच नव्हती. शिवाय सत्तेतल्या पीजेडीवरचा राग त्याहून ताजा होता.

२०२२च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या युद्धानंतर डिझेल १६ दिरहमच्या आसपास गेलं तेव्हा पुन्हा मोहीम निघाली. या वेळी वस्तू नव्हती, फक्त मागणी होती: डिझेल ७ दिरहम, पेट्रोल ८ दिरहम, अखनूश चालते व्हा. हॅशटॅग लाखोंनी वापरले गेले. पण सोडायचं काय, हे या वेळी कुणाच्याच हातात नव्हतं. पंतप्रधान जागेवर राहिले.

नोव्हेंबर २०२३मध्ये स्पर्धा परिषदेने नऊ इंधन कंपन्यांशी तडजोड केली. सर्वांनी मिळून १८४ कोटी दिरहम भरायचं ठरलं. संसदीय समितीच्या प्रमुखांनी २०१८मध्ये सांगितलेल्या १,७०० कोटींच्या तुलनेत तो नवव्या भागाच्या आसपास जातो. रक्कम सरकारी तिजोरीत गेली, पंपावर टाकी भरून गेलेल्या कुणालाही त्यातला दिरहम परत मिळाला नाही.